हजेरी नंबर ५१

२०११ साली एका रात्री साडेनऊच्या सुमाराला मला अनोळखी नंबरवरून फोन आला. दुसऱ्या दिवशी द्यायच्या सहा ब्लाउजना हुक लावायचे राहिले होते, म्हणून मोबाइल खांदा आणि कानाच्या मध्ये धरून मी काम चालू ठेवलं. पलीकडून पुरुषाचा आवाज आला. नाव नाही, गाव नाही, नुसतं म्हणाला, "सत्तेचाळीस?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "हजर."

मग दोघंही गप्प. सुई बोटात तशीच राहिली. त्या नंबराने मला एकोणतीस वर्षांत कुणी हाक मारली नव्हती.

तो आमचा मॉनिटर, हजेरी नंबर १२. रजिस्टर बाई उघडायच्या, पण त्यांच्या घशाला त्रास होता म्हणून नावं तोच घ्यायचा. रोज सकाळी ५८ नावं म्हणून म्हणून त्याला ती पाढ्यासारखी पाठ झाली. अजून पाठ आहेत. मधूनच कुठल्याही नंबरापासून विचारा, तो पुढे म्हणत जातो.

आमची दहावी 'क', मार्च १९८२ ची. शाळा लालबागच्या बाजूची, मराठी माध्यमाची. शाळेचं आणि कुणाचंही नाव लिहायचं नाही असं आमच्यात ठरलंय, म्हणून इथे सगळ्यांना हजेरी नंबरानेच लिहिते. खरं तर तेच योग्य आहे. १ ते ३३ मुलगे, ३४ ते ५८ मुली. मुलग्यांची नावं आजही रजिस्टरमधलीच आहेत. आम्हा पंचवीस जणींची आडनावं बदलली, आणि बऱ्याच जणींची पाळण्यातली नावंसुद्धा. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहितात, सगळे टाळ्या वाजवतात, आणि त्या दिवसापासून जुन्या नावाने हाक मारणारी माणसं एकेक करून कमी होत जातात. माझ्या सासरी माझं जुनं नाव माझ्या नवऱ्याला ठाऊक होतं, बाकी कुणाला सांगायची वेळच आली नाही. नंबर तेवढा राहिला.

म्हणून शाळेतले जुने मित्र इतक्या वर्षांनी भेटले असं कुणी आनंदाने सांगितलं, की मी लगेच विचारते, मुली किती होत्या? आमच्या वर्गातले बहुतेक मुलगे दीड-दोन महिन्यांत सापडले. मुलींना शोधायला आम्ही चौदा वर्षं लागलो आहोत आणि अजून नऊ जणी सापडायच्या आहेत.

१९८२ म्हटलं की गिरणगावातल्या माणसाला पुढे काही सांगावं लागत नाही. १८ जानेवारीला, सोमवारी, संप सुरू झाला. साठाच्या आसपास कापड गिरण्या आणि अडीच लाखांच्या घरात कामगार. आमची परीक्षा मार्चमध्ये. माझे वडील साचाखात्यात, म्हणजे मागावर होते, ५१ चे त्रासनात, म्हणजे सूतकताईत, १२ चे तर बदली कामगार, म्हणजे रोज गेटवर जाऊन उभं राहायचं आणि काम मिळालं तर मिळालं. वर्गातली चाळीसेक घरं तरी गिरणीच्या पगारावर चालायची.

मला त्या दिवसांतलं सगळ्यात आधी आठवतं ते गिरणीच्या भोंग्याचं गप्प होणं. आमच्या खोलीत घड्याळ होतं, पण ते कुणी बघत नसे. आई भोंग्याला उठायची, वडिलांचा डबा भोंग्याला निघायचा, पहाटेचा अभ्यास भोंग्यावर चालायचा. त्या सोमवारी पहाटे भोंगा ऐकू आला नाही आणि आमचा आख्खा मजला उशिरा उठला. महिनाभरात चाळीतली पुरुषमाणसं दिवसभर गॅलरीत दिसायला लागली. त्याआधी वडिलांना दिवसाउजेडी सलग दोन तास घरात बसलेलं मी पाहिलं नव्हतं, फक्त आजारपणात पाहिलं होतं.

घराघरात पापड, उदबत्त्या, शिवण असं जे मिळेल ते सुरू झालं. मी काजं करायला तेव्हाच शिकले. बाई डब्यात चार पोळ्या जास्त आणायच्या आणि मधल्या सुट्टीत म्हणायच्या, "मला आज जेवण जात नाही गं, तुम्ही संपवा." रोजच त्यांना जेवण जात नसे.

'एकवीस अपेक्षित'चा एक संच आम्ही पाच जणींनी पैसे काढून घेतला. तो पाच ठिकाणी कसा वाचायचा? ५१ ने ब्लेडने त्याची शिवण सोडवली आणि पाच भाग केले. प्रत्येक भागाला १९८१ च्या कॅलेंडरचं पान उलटं करून कव्हर घातलं, जाड सुईने टाके मारले आणि वर सुंदर अक्षरात विषय लिहिला. दर सोमवारी भाग फिरायचे. तिचा हात असा होता की अंगठा कागदावर टेकवून, पेन्सिल दोन बोटांत धरून आणि वही फिरवून ती कंपासशिवाय वर्तुळ काढायची. बाई कंपास लावून बघायच्या तर जवळजवळ बरोबर निघायचं. माझ्या बाकावर ती उजवीकडे बसायची, ३९ डावीकडे, मध्ये मी.

परीक्षा झाली आणि मे महिन्यात वर्ग फुटला. संप मिटेना, खोलीचं भाडं थकलं, त्यामुळे ज्यांचं गावी घर होतं ते गावी निघाले. परळ डेपोतून रोज रात्री ट्रंका, वळकट्या आणि पितळी हंडे एसटीच्या टपावर चढत होते. कुणी रत्नागिरीकडे, कुणी सिंधुदुर्गाकडे, कुणी साताऱ्याकडे, कोल्हापूरकडे. आम्ही लांज्याकडे गेलो. फोन कुणाकडे नव्हता. निकालसुद्धा मला काकाच्या पत्राने कळला. अकरावीला गेले नाही, तालुक्याच्या गावी शिवणकाम शिकले आणि १९८६ साली लग्न होऊन चिपळूणला आले. या सगळ्यात शाळेतली माणसं कधी दूर गेली ते कळलंसुद्धा नाही.

आता १२ नंबरने मला कसं शोधलं ते सांगते.

गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांसाठी घरं बांधायची आणि ती सोडतीने द्यायची असं ठरलं. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर जो कामगार पटावर होता, तो किंवा त्याचा वारस अर्ज करू शकत होता. दीड लाखाच्या आसपास अर्ज आले. रांगांमध्ये म्हातारे कामगार होते, त्यांच्यापेक्षा जास्त त्यांचे मुलगे. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत बापाच्या आयुष्यातलं उरलेलं: गिरणीचं ओळखपत्र, ईएसआयचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची पावती, एखादी पगाराची चिठ्ठी. माझे वडील १९९४ साली गेले. माझा भाऊ भांडुपला राहतो, तो रांगेत होता. त्याला झेरॉक्स काढायला जायचं होतं म्हणून त्याने कागद मागे उभ्या असलेल्या माणसाच्या हातात दिले. तो माणूस म्हणजे १२ नंबर. तोही वडिलांचे कागद घेऊन आला होता.

त्या कागदांत माझं प्रतिज्ञापत्र होतं. वारसांत मुलीही येतात, त्यामुळे घर भावाच्या नावे व्हायला माझी हरकत नाही असं मी स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं होतं. मी ते मनापासून दिलं होतं, वडिलांचं शेवटचं आजारपण त्यानेच काढलं. त्या प्रतिज्ञापत्रात आधी माझं सासरचं पूर्ण नाव होतं आणि पुढे 'पूर्वाश्रमीची' असं लिहून माझं जुनं नाव. १२ नंबरने ते वाचलं. तो मला नंतर म्हणाला, "शेहेचाळीसच्या पुढे तोंडातून जे नाव निघतं, तेच समोर टाइप केलेलं. माझे हात थरथरायला लागले."

तो बेस्टमध्ये कंडक्टर होता. त्यानंतर सुट्टीच्या दिवशी तो स्वतःचं काम नसतानाही अशा रांगांकडे जायला लागला. म्हाताऱ्यांना अर्ज भरून द्यायचा आणि विचारायचा, कुठली चाळ, कुठली शाळा, बहिणी किती. 'पूर्वाश्रमीची' या एका शब्दाने आम्हाला सहा मुली मिळाल्या. भाऊ घर मागायला गेले आणि त्यांच्या कागदांतून बहिणी सापडल्या. ही गोष्ट मी कितीदा तरी सांगितली आहे आणि दर वेळी सांगताना घसा दाटतो.

२८ जून २०१२ ला ६,९२५ घरांची सोडत निघाली. त्यात १९ नंबरच्या वडिलांचं नाव लागलं, १२ च्या नाही, माझ्या भावाचंही नाही. पुढच्या जानेवारीत आम्ही पहिल्यांदा एका चाळीच्या हॉलमध्ये जमलो. १९ मुलगे आणि आम्ही तिघी. मुलग्यांची जुनी वांड नावं, पाठीवर थापा, मोठमोठ्याने हसणं चाललं होतं, आणि आम्ही तिघी एका कोपऱ्यात खुर्च्या जवळ ओढून बसलो होतो. १२ ने ते पाहिलं. त्याने हजेरी घेतली आणि ३४ ते ५८ एकेक नाव घेऊन दर नावाला थांबला. बावीस वेळा कुणीच बोललं नाही. त्या हॉलमध्ये तेव्हा जी शांतता होती, तिच्यामुळे मी या कामाला लागले.

मुलींना फोन मुलीनेच करायचा, हा आमचा पहिला नियम. चाळीस-पंचेचाळीसच्या पुढे गेलेल्या बाईला अचानक परक्या पुरुषाचा फोन आला तर घरात काय काय होतं ते आम्हाला माहीत आहे. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. दुपारी दोन ते चारच्या मध्ये फोन करायचा, आधी शाळा सांगायची, मग स्वतःचं गाव सांगायचं.

३९ नंबरचा फोन मी मरेपर्यंत विसरणार नाही. २०१७ साल. तिचा भाऊ वारला होता, कळव्याला राहणाऱ्या भाच्याकडून आजऱ्याकडचा एक नंबर मिळाला. फोन तरुण मुलीने उचलला. मी ३९ चं जुनं नाव घेतलं.

"न्हाई ओ, या नावाचं हितं कोण न्हाई. राँग नंबर हाय."

"ठेवू नकोस बाळ," मी म्हटलं. "तुझ्या सासूबाईंचं माहेर मुंबईचं का? लालबागचं?"

"आत्यांचं? व्हय, मुंबईचंच. पर त्यांचं नाव येगळं हाय."

मागून आवाज आला, "कोन गं?"

"कोनतरी बाई हाईत आत्या. अमक्या हाईत का म्हणून इचारत्यात." आणि तिने ते नाव घेतलं, जरा अडखळत, नव्या माणसाचं नाव घ्यावं तसं.

मग काहीच ऐकू येईना. एक भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. पावलं आली. फोन हातात घेतल्याचं कळलं, पण बोलणं नाही, नुसता श्वास. मी म्हटलं, "सत्तेचाळीस बोलतेय."

ती रडली नाही. तिने माझी चौकशी केली नाही. ती म्हणाली, "आणि एक्कावन्न? ती कुठं हाय?"

पस्तीस वर्षांनी बाकावरचा मधला आवाज ऐकल्यावर तिला आधी उजवीकडची आठवली.

फोन ठेवायच्या आधी सुनेने परत घेतला आणि हळू आवाजात मला विचारलं, "आत्यांचं खरं नाव ते हाय व्हय? मला हितं येऊन अकरा वर्षं झाली." आता तीच सून आमच्यासाठी सगळं करते. वर्गाच्या मोबाइल ग्रुपवर ३९ ला टाइप करता येत नाही, म्हणून सून रोज संध्याकाळी फोन तिच्या तोंडाशी धरते आणि ३९ दिवसभराचं सांगते: म्हैस व्याली, काजूला मोहोर आला, नातवाचे दात. बोलण्याआधी ती दर वेळी "एकोणचाळीस" असं म्हणते. सून तिला अधूनमधून जुन्या नावानेही हाक मारते, गमतीने, आणि ३९ ओ देते.

सगळीकडे असं झालं नाही. ४२ च्या घरी नवऱ्याने विचारलं, एवढे पुरुष कोण आहेत या ग्रुपवर? तिने ग्रुप सोडला. आम्ही पुन्हा आग्रह केला नाही. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी दुपारी मी तिला फोन करते आणि ग्रुपवर महिनाभरात काय झालं ते सांगते. कोण आजारी, कुणाचं लग्न, कोण कुणाशी भांडलं, सगळं. पंधरा मिनिटं बोलते. तिच्यासाठी मी महिनाभर एका वहीत नोंदी करते, म्हणजे काही राहायला नको.

ग्रुपवर सुप्रभातची चित्रं टाकायची नाहीत, हा दुसरा नियम. बऱ्याच जणींचा फोन घरातल्या दोघा-तिघांत मिळून असतो. तो भरला की त्यांना आमचा निरोपच मिळत नाही. आणि वाढदिवसाचं म्हणाल तर १ जूनला आमच्या चौदा जणांचा वाढदिवस असतो. पहिलीत नाव घालताना आईबापांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी १ जून लिहून टाकायचे, त्या पिढीच्या कुठल्याही शाळेचं रजिस्टर काढा. म्हणून आमचा वार्षिक मेळावा १ जूनच्या आसपासच्या रविवारी असतो. एकच केक, चौदा नावं.

त्या दिवशी हजेरी होते. आज हिशेब असा आहे: ४२ जण सापडलेले आणि हयात, पाच जण गेले, त्यातले दोघे करोनात, आणि ११ जणांचा पत्ता नाही. त्या अकरांत दोन मुलगे, नऊ मुली. जो गेला त्याचा नंबर आला की त्याच्या बाकावरचा जोडीदार उभा राहतो. जी सापडलेली नाही तिच्याही नंबराला जोडीदारीण उभी राहते. ५१ ला मी उभी राहते.

आता २०२१ बद्दल. २२ जुलैला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं ते ज्यांनी पाहिलं त्यांना वर्णन नको. २००५ च्या २६ जुलैलाही पाणी आलं होतं, त्यामुळे आम्ही मशिनं टेबलावर चढवून ठेवली आणि वर गेलो. या वेळी टेबलाचा काही उपयोग झाला नाही. माझ्या दुकानात पाणी छताला टेकलं. आम्ही वरच्या मजल्यावर होतो, खाली अंधारात पाण्यावर लाकडी रॅक भिंतीला आपटत होतं, ते रात्रभर ऐकलं. वीज नाही, फोन बंद, कोकण रेल्वे बंद. ग्रुपवर त्या दोन दिवसांत १२ ने दर तासाला एकच शब्द लिहिला होता: "सत्तेचाळीस?" चार्जिंग मिळाल्यावर मी ते सगळे एकाखाली एक पाहिले. मग उत्तर दिलं.

आठव्या दिवशी टेम्पो आला. १२, १९, २९ आणि ३४. फावडी, पाण्याचे कॅन, ब्लीचिंग पावडर, सतरंज्या, आणि ३४ ने करून आणलेल्या शंभर भाकऱ्या. माझी पाच मशिनं चिखलात गेली होती. दोन पायांची, दोन मोटरची, एक पिकोचं. मी ती भंगारात घालायला बाहेर काढून ठेवली होती. २९ चं आयुष्य शिलाई मशिनं दुरुस्त करण्यात गेलंय. तो त्यांच्याकडे बघून म्हणाला, "हात लावू नकोस. चिखल वाळू देऊ नकोस, पाणी मारत राहा."

त्याने दुकानासमोर ताडपत्री पसरली आणि एकेक मशीन उघडलं. सुईचा दांडा, दाबपट्टी, शटल, दातपट्टी, सगळे भाग काढून ओळीने मांडले. पुराचा गाळ पिठासारखा बारीक असतो, तो स्क्रूच्या आट्यांतसुद्धा बसतो. रॉकेल कुठे मिळेना म्हणून डिझेल आणलं. आम्ही चौघं जुन्या टूथब्रशने एकेक तुकडा डिझेलमध्ये घासत होतो आणि तो पुसून, उजेडात धरून, मशीन ऑइलचे थेंब सोडून परत बसवत होता. शटलमधला गंज त्याने कणाकणाने घासून काढला, कारण तिथे जरा खरबरीतपणा राहिला तरी दोरा तुटतो. दोन दिवसांनी त्याने चाक हाताने फिरवलं. पहिल्यांदा अडलं, मग फिरलं. त्याने खिशातला रुमाल सुईखाली घातला आणि टिप मारून माझ्या हातात दिला. टिप सरळ होती. पाचांतली चार मशिनं चालू झाली. मोटरी मात्र त्याने मुंबईला नेल्या आणि नव्याने गुंडाळून महिन्याने पाठवल्या. पैसे घेतले नाहीत, फक्त तांब्याच्या तारेचे घेतले, आणि तेही मीच बळजबरीने दिले.

तो रुमाल माझ्या दुकानात काचेखाली आहे.

आता ५१.

तिचं एक कार्ड माझ्याकडे आहे, १५ पैशांचं पोस्टकार्ड, जुलै १९८२ चं. कार्ड घरातलं, गावातलं कुणीही वाचतं, त्यामुळे तिने मोजकंच लिहिलंय. "मी बरी आहे. इथे लावणी चालू आहे. भूमितीचा भाग तुझ्याकडे राहिला आहे, जपून ठेव. घरात लग्नाचं बघत आहेत. पत्ता बदलला की कळवीन." खाली तिच्या अक्षरात पत्ता होता, पण कार्ड पावसातून आलं. 'मु. पो.' एवढं दिसतं, गावाच्या जागी निळा डाग आहे, आणि 'ता. पाटण' हे स्पष्ट वाचता येतं. त्यानंतर पत्र नाही.

बाकीच्या सापडल्या आणि तीच का नाही, याचं उत्तर मला फार उशिरा कळलं. तिला भाऊ नाही. दोघी बहिणीच. वडिलांच्या घरासाठी अर्ज करायला कुणी रांगेत उभं राहिलं नाही, त्यामुळे 'पूर्वाश्रमीची' लिहिलेला कागद कधी तयारच झाला नाही. तिचा स्वतःचाच वारस म्हणून हक्क होता, पण ते तिला कुणी सांगितलं असेल का? आमच्या न सापडलेल्या नऊ जणींपैकी चौघींना भाऊ नव्हते. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यानंतर भाऊ नसलेल्या चौघींना मी माझ्या यादीत सगळ्यात वर घेतलं.

२०१९ मध्ये १२ आणि ३३ पाटणला जाऊन आले. तीन गावं फिरले, शाळांत विचारलं, जुन्या पोस्टमनला भेटले. नाव घेतलं की लोक विचारतात, सासरचं नाव काय? तेच तर आम्हाला हवंय.

आणि चिपळूणहून कुंभार्ली घाट चढला की पाटण तालुकाच लागतो. कराडच्या एसटीत बसलं की झालं. त्या रस्त्याने मी लग्नाकार्याला कितीदा गेले आहे. ती जर त्या भागातच दिली गेली असेल, तर चाळीस वर्षं आमच्या मध्ये एक घाट होता.

गेल्या महिन्यात हेळवाकच्या बाजूची एक मुलगी लग्नाचे ब्लाउज शिवायला आली. माप घेताना मी सवयीने विचारलं, तुमच्याकडे लालबागहून आलेली कुणी साठीच्या घरातली बाई आहे का? ती म्हणाली, "आमच्या वरच्या वाडीत एक आजी आहेत. त्यांना सगळे मुंबईवाली म्हणतात. नाव नाही बाई मला ठाऊक. कुणालाच नसेल."

मला माहीत आहे की मुंबईवाली प्रत्येक वाडीत एक असते. पाटण तालुक्यात वाड्याही पुष्कळ आहेत. तरी येत्या रविवारी आम्ही जातोय. १२ निवृत्त झालाय, तो मुंबईहून रात्रीच्या गाडीने माझ्याकडे येईल. ३९ कोल्हापूरवरून कराडपर्यंत येईल, तिला सून घेऊन येणार आहे. १२ ने काल फोनवर विचारलं, "ती नसली तर?" मी म्हटलं, मग त्याच्या पुढची वाडी.

शनिवारपर्यंतचं शिवण मी उरकून ठेवलंय. पुरात वर नेलेल्या पत्र्याच्या पेटीत भूमितीचा भाग होता म्हणून तो वाचला. कॅलेंडरचं कव्हर पिवळं पडलंय, टाके मात्र जसेच्या तसे आहेत. तो, ते कार्ड आणि ३९ साठी शिवलेले दोन ब्लाउज पिशवीत भरून दाराशी ठेवले आहेत.